हाताखालची विद्या आणि पडद्यावरचा वर्ग

ऑक्टोबर १७९४ च्या 'जंटलमन्स मॅगझीन' या लंडनच्या मासिकात पुण्याजवळ झालेल्या एका शस्त्रक्रियेची हकिगत छापून आली. कावसजी नावाचा एक मराठा गाडीवान इंग्रजांच्या फौजेत बैल हाकत असे. १७९२ च्या युद्धात तो टिपू सुलतानाच्या लोकांच्या हाती सापडला आणि त्यांनी त्याचं नाक आणि एक हात कापला. वर्षभर तो तसाच वावरला. मग पुण्याजवळ राहणाऱ्या, विटा पाडणाऱ्या जातीतल्या एका माणसाने त्याला नवं नाक बसवून दिलं. मराठीत या माणसाचा उल्लेख सहसा 'पुण्याचा कुंभार' असा होतो. त्याचं नाव मात्र छापलेल्या हकिगतीत नाही. रुग्णाचं नाव आहे, शस्त्रक्रिया पाहणाऱ्या दोन इंग्रज डॉक्टरांची नावं आहेत, करणाऱ्याचं तेवढं नाही.

कृती बारकाईने दिलेली होती. नाकाच्या खुंटावर मेणाचा पातळ पत्रा बसवायचा, तो सपाट करून कपाळावर ठेवायचा आणि त्याच्या कडेने रेघ ओढायची. त्या रेघेवरून कपाळाची कातडी सोडवायची, पण दोन डोळ्यांच्या मधे एक चिंचोळी पट्टी जोडलेलीच ठेवायची, म्हणजे रक्तपुरवठा तुटत नाही. मग ती कातडी खाली वळवून जुन्या नाकाच्या तासलेल्या कडांना जोडायची. वर पाण्यात कालवलेला कात लावलेल्या कापडाच्या पाच-सहा पट्ट्या. पंचविसाव्या दिवसाच्या सुमारास मधली पट्टी कापायची.

लंडनमध्ये जोसेफ कार्प्यू नावाच्या शल्यचिकित्सकाने या माहितीचा पाठपुरावा केला. भारतातून परतलेल्या लोकांकडे त्याने चौकशी केली, प्रेतांवर हीच कृती करून पाहिली आणि २३ ऑक्टोबर १८१४ रोजी, म्हणजे हकिगत छापून आल्यावर तब्बल २० वर्षांनी, नाक गमावलेल्या एका लष्करी अधिकाऱ्यावर ती केली. १८१६ मध्ये त्याने त्यावर पुस्तक लिहिलं आणि युरोपात ही पद्धत पसरली.

प्लास्टिक सर्जरीच्या इतिहासात ही गोष्ट नेहमी सांगितली जाते, बहुतेक वेळा अभिमानाने. मला ती इथे वेगळ्या कारणासाठी हवी आहे. शस्त्रक्रियेचं दूरस्थ शिक्षण कसं चालतं आणि कुठे अडतं, याचं ते फार चांगलं उदाहरण आहे. कृती आणि चित्र छापून लंडनला पोहोचायला काही महिने पुरले. हाताला जमायला २० वर्षं लागली. आणि एवढ्या प्रवासात ज्याची विद्या होती त्याचं नाव गळून पडलं.

आज एमबीबीएसच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाला असलेल्या विद्यार्थ्याने 'ग्लोबल सर्जरी' हे शब्द टाकून शोध घेतला, तर त्याला कितीतरी ऑनलाइन अभ्यासक्रम, व्याख्यानमाला आणि प्रमाणपत्रं दिसतील. जगातल्या गरीब माणसापर्यंत सुरक्षित शस्त्रक्रिया कशी पोहोचवायची, हा या शाखेचा विषय. त्यात फक्त चाकू येत नाही. भूल, रक्तपेढी, प्रसूती, रुग्णवाहिका, बिल, मनुष्यबळ हे सगळं येतं. यात करिअर करू पाहणाऱ्या विद्यार्थ्याला पडद्यावरून नक्की काय मिळू शकतं? उत्तरासाठी या शिक्षणाचा इतिहास पाहावा लागतो, आणि तो इंटरनेटच्या बराच आधी सुरू होतो.

१९७८ मध्ये अल्मा-आता इथे 'सर्वांसाठी आरोग्य' ही घोषणा झाली. लसीकरण, स्वच्छ पाणी, माता-बालसंगोपन यांवर भर आला, आणि तो योग्यच होता. पण शस्त्रक्रिया मात्र शहरी, महागडी, मूठभरांसाठीची चैन समजली गेली. या समजाला पहिला मोठा छेद दिला तो जागतिक आरोग्य संघटनेचे तेव्हाचे महासंचालक हाफडान माहलर यांनीच. हे डॅनिश डॉक्टर १९५० च्या दशकात भारतात क्षयरोग कार्यक्रमात अनेक वर्षं काम करून गेलेले. जून १९८० मध्ये मेक्सिको सिटीत शल्यचिकित्सकांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत त्यांनी सरळ सांगितलं, की जगातल्या बहुसंख्य लोकांना कुशल शस्त्रक्रिया मिळतच नाही आणि त्यावर उपाय शोधण्यासाठी फारसं कोणी काही करत नाही. भाषण झालं. ठराव व्हायला पुढची ३५ वर्षं जावी लागली.

तोवर आफ्रिकेतल्या जिल्हा रुग्णालयांमधल्या एकट्या डॉक्टरांनी काय करायचं? त्यांच्यासाठी मॉरिस किंग यांनी एक पुस्तक उभं केलं. सिलोनमध्ये जन्मलेले, केंब्रिजमध्ये शिकलेले आणि पूर्व आफ्रिकेत बरीच वर्षं काम केलेले हे इंग्रज डॉक्टर. 'प्रायमरी सर्जरी' या त्यांच्या ग्रंथाचा अपघात आणि जखमांवरचा खंड १९८७ मध्ये आला, उरलेल्या शस्त्रक्रियांचा १९९० मध्ये. भूल देण्यावर वेगळं पुस्तक होतं. जवळचा तज्ज्ञ शेकडो किलोमीटरवर आहे, रस्ता पावसात बंद होतो आणि समोरची बाई आज रात्रीच मरेल, अशा डॉक्टरसाठी हे लिहिलेलं होतं. पायरीपायरीने कृती, रेषाचित्रं, आणि प्रत्येक कृतीनंतर 'अमुक झालं तर तमुक करा' अशी अडचणींची यादी. रक्तस्राव थांबत नसेल तर, भूल उतरली तर, आत अपेक्षेपेक्षा वेगळंच काही निघालं तर.

वैद्यकीय पुस्तकांमध्ये ही गोष्ट दुर्मीळ होती. एरवीची पाठ्यपुस्तकं सर्व काही उपलब्ध आहे असं गृहीत धरून लिहिलेली असत. किंग यांनी वाचकाचा प्रश्न आधीच ओळखून उत्तर लिहून ठेवलं. हा ग्रंथ पुढे इंटरनेटवर मोफत मिळू लागला, त्याची सुधारित आवृत्तीही आली. पण कितीही चांगलं असलं तरी ते पुस्तक. नव्याने पडलेला प्रश्न त्याला ऐकू येत नाही.

प्रश्न ऐकू येण्याची सोय झाली ती २००० नंतर. कॅनडातल्या टोरॉन्टो विद्यापीठात काही शल्यचिकित्सकांनी पूर्व आफ्रिकेतल्या शल्यचिकित्सकांसाठी 'टॉलेमी' नावाचा प्रकल्प सुरू केला. तिकडच्या डॉक्टरांना विद्यापीठाशी रीतसर संलग्न करून घ्यायचं आणि विद्यापीठाचं इलेक्ट्रॉनिक ग्रंथालय त्यांना वापरायला द्यायचं, अशी साधी कल्पना. अलेक्झांड्रियाच्या ग्रंथालयाच्या राजघराण्यावरून हे नाव घेतलं होतं. ते राजे म्हणे बंदरात येणाऱ्या जहाजांवरची पुस्तकं उतरवून घेत, मूळ प्रत स्वतःकडे ठेवत आणि मालकाला नक्कल परत देत. टोरॉन्टोच्या लोकांनी उलट्या दिशेने वाट उघडली. त्याच सुमारास, २००२ मध्ये, जागतिक आरोग्य संघटनेने प्रकाशकांना सोबत घेऊन 'हिनारी' ही योजना आणली. गरीब देशांतल्या संस्थांना महागडी संशोधनपत्रिका फुकट किंवा नाममात्र दरात वाचता येऊ लागली.

या योजनेत भारत नव्हता. उत्पन्नाच्या निकषावर आपण गरीब, पण प्रकाशकांच्या दृष्टीने मोठी बाजारपेठ, म्हणून बाहेर. एखादी योजना 'जागतिक' म्हटली, की तिच्या यादीत आपलं नाव आहे ना, हे आधी पाहून घ्यावं.

ग्रंथालय उघडलं तरी शिक्षण झालं असं होत नाही. त्या दिशेने खरं पाऊल टाकलं ते आफ्रिकेनेच. १९९९ मध्ये पूर्व, मध्य आणि दक्षिण आफ्रिकेतल्या देशांनी मिळून शल्यचिकित्सकांचं एक महाविद्यालय स्थापन केलं. 'कोसेक्सा' हे त्याचं लघुनाव. या महाविद्यालयाला भिंती नाहीत. विद्यार्थी राजधानीत जाऊन वसतिगृहात राहत नाही, आपल्याच देशातल्या मान्यताप्राप्त रुग्णालयात नोकरी करत शिकतो. तिथले वरिष्ठ त्याला ऑपरेशन थिएटरमध्ये हाताखाली घेतात. अभ्यासक्रम आणि परीक्षा सगळ्या देशांची एक. आणि आयर्लंडच्या रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्सच्या मदतीने 'स्कूल फॉर सर्जन्स' नावाचा ऑनलाइन वर्ग जोडलेला. त्यात रुग्णांच्या केसेस मांडल्या जातात, विद्यार्थी त्यावर लिहितात, चर्चा होते. मलावीतल्या आणि इथिओपियातल्या विद्यार्थ्याला एकच केस सोडवावी लागते.

या रचनेत ऑनलाइन वर्गाची जागा नेमकी आहे. विचार करायला शिकवण्याचं काम पडद्याकडे, हात घडवण्याचं काम थिएटरमधल्या वरिष्ठाकडे. आपल्याकडे डॉक्टर एकमेकांना विचारतात, "किती केसेस हाताखालून गेल्या?" त्या प्रश्नाचं उत्तर पडद्यावर मिळत नाही, हे कोसेक्साने गृहीतच धरलं होतं. स्थानिक शिक्षणाचा आणखी एक फायदा आकड्यांत दिसतो. या भागातल्या दहा देशांत १९७४ ते २०१३ दरम्यान तयार झालेल्या शल्यचिकित्सकांचा शोध घेतला, तेव्हा त्यांतले सुमारे ८५ टक्के ज्या देशात शिकले तिथेच काम करताना सापडले. 'शिकले की विमानात बसतात' ही समजूत निदान शल्यचिकित्सकांच्या बाबतीत खोटी ठरली.

मग २०१५ साल उजाडलं. एप्रिलमध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने ग्लोबल सर्जरीवरचा अहवाल प्रसिद्ध केला. जगातल्या ५ अब्ज लोकांना गरज पडली तर सुरक्षित, परवडणारी शस्त्रक्रिया आणि भूल मिळण्याची खात्री नाही. दरवर्षी १४ कोटी ३० लाख जादा शस्त्रक्रियांची गरज आहे. जगात वर्षाला होणाऱ्या ३१ कोटी ३० लाख शस्त्रक्रियांपैकी सर्वांत गरीब देशांच्या वाट्याला फक्त ६ टक्के येतात, आणि तिथे जगाची एक तृतीयांशाहून अधिक लोकसंख्या राहते. आयोगाने तीन शस्त्रक्रिया कसोटी म्हणून निवडल्या: सिझेरियन, पोट उघडून करायची शस्त्रक्रिया, आणि हाड मोडून जखमेतून बाहेर आलं असेल तर त्यावरचा उपचार. या तिन्ही जिथे होतात त्या रुग्णालयात दोन तासांत पोहोचता आलं पाहिजे. त्याच वर्षीच्या मे महिन्यात जागतिक आरोग्य सभेने शस्त्रक्रिया हा सार्वत्रिक आरोग्यसेवेचा भाग मानणारा ठराव केला. माहलर यांचं म्हणणं कागदावर आलं.

आयोगाच्या कामातून विद्यार्थ्यांची एक आंतरराष्ट्रीय संघटना पुढे आली, 'इन्सिजन'. देशोदेशी तिचे गट निघाले. वेबिनार, वाचनगट, ऑनलाइन परिषदा सुरू झाल्या. नकाशावर कुठेही असलेला विद्यार्थी आयोगाच्या लेखकांना प्रश्न विचारू शकतो, ही गोष्ट दहा वर्षांपूर्वी कल्पनेतही नव्हती. २०२० च्या टाळेबंदीत तर सगळंच पडद्यावर गेलं. विद्यार्थी वॉर्डाबाहेर काढले गेले. साथीच्या ऐन भरातल्या बारा आठवड्यांत जगभरात सुमारे २ कोटी ८४ लाख नियोजित शस्त्रक्रिया रद्द होतील किंवा लांबतील, असा अंदाज त्या वेळी प्रसिद्ध झाला होता. हाताखालून जाणाऱ्या केसेस आटल्या आणि वेबिनार वाढले. जून २०२३ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या प्रशिक्षण संस्थेशी जोडलेलं 'सर्जहब' हे मोफत शिक्षणाचं व्यासपीठ सुरू झालं. शल्यचिकित्सा, भूल, प्रसूती, परिचर्या असे सगळ्यांसाठीचे अभ्यासक्रम तिथे एका जागी मिळू लागले.

या सुबत्तेत एक मोठी अडचण लपलेली आहे. श्रीमंत देशातला विद्यार्थी 'ग्लोबल सर्जरीत करिअर' म्हणतो तेव्हा त्याच्या डोळ्यांसमोर बरेचदा दुसरा देश असतो: दोन आठवड्यांची मोहीम, एक शोधनिबंध, शिष्यवृत्ती. आपल्याकडचा विद्यार्थी तेच अभ्यासक्रम करतो आणि नकळत तोच चष्मा लावून बसतो. मग यवतमाळच्या वॉर्डात उभं राहून तो मलावीबद्दल निबंध लिहितो. मलावीबद्दल वाचायला हवंच. पण दोन तासांची कसोटी आपल्या तालुक्याला लावून पाहिली का, हा प्रश्न त्याला एकही प्रमाणपत्र विचारत नाही.

तो प्रश्न विचारला तर काय हाती लागतं, याचं उदाहरण मुंबईतच आहे. भाभा अणुसंशोधन केंद्राच्या रुग्णालयातले शल्यचिकित्सक डॉ. नोबोजित रॉय हे लॅन्सेट आयोगाचे सदस्य होते. आयोगाचं उद्दिष्ट होतं दर लाख लोकांमागे वर्षाला ५,००० शस्त्रक्रिया. रॉय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विचारलं, भारतात खरी गरज किती? केंद्राच्या आरोग्य योजनेत कर्मचारी आणि त्यांच्या कुटुंबांना उपचार खिशाच्या भीतीने टाळावे लागत नाहीत. म्हणून या लोकांवर होणाऱ्या शस्त्रक्रिया मोजल्या आणि देशाच्या लोकसंख्येच्या रचनेशी जुळवून घेतल्या. आकडा आला लाखामागे ३,६४६. जागतिक उद्दिष्टापेक्षा कमी, पण आपल्या माणसांवरून काढलेला. आता एखाद्या जिल्ह्याचं नियोजन करायचं तर हा आकडा कामाचा. त्यासाठी परदेशी मोहीम लागली नाही. आपल्याच रुग्णालयाच्या नोंदवह्या लागल्या आणि त्या मोजण्याची शिस्त लागली. ही शिस्त मात्र पडद्यावरून उत्तम शिकता येते. संख्याशास्त्र, शोधनिबंध वाचणं, नोंदी कशा ठेवायच्या, खर्च कसा मोजायचा, आरोग्यधोरण कसं ठरतं, यासाठी कोणालाही टोरॉन्टोला जायची गरज नाही.

हाताचं काय? त्यातही पडद्याची मदत होते, पण ती कधी होते हे पाहण्यासारखं आहे. मिशिगन विद्यापीठातल्या आणि कॅमेरून, इथिओपियातल्या शल्यचिकित्सकांनी मिळून 'ऑल-सेफ' नावाचा अभ्यासक्रम तयार केला. गर्भनलिकेत राहिलेला गर्भ दुर्बिणीने काढण्याचा सराव त्यात करायचा असतो. लाखोंचं यंत्र नाही. स्थानिक बाजारात मिळणाऱ्या वस्तूंपासून विद्यार्थी स्वतःच सरावाची पेटी बनवतो, तिच्यात शस्त्रक्रिया करतानाचा व्हिडिओ काढून पाठवतो, आणि दुसरे विद्यार्थी तो पाहून गुण देतात, चुका सांगतात. इथे माहिती एकाच दिशेने वाहत नाही. हात हलतो, तो कोणीतरी पाहतो आणि उत्तर परत येतं. कार्प्यूला प्रेतांवर एकट्याने जे करावं लागलं, त्याला इथे सोबती मिळाले. तरीही पेटीतला सराव संपला की खऱ्या रुग्णाशेजारी, खऱ्या वरिष्ठाच्या देखरेखीखाली उभं राहावंच लागतं.

तेवढं केलं तर काय होतं हे मोझांबिकने दाखवलं आहे. स्वातंत्र्यानंतर पोर्तुगीज डॉक्टर निघून गेले आणि देशात शल्यचिकित्सक जवळपास उरले नाहीत. १९८४ पासून सरकारने अनुभवी आरोग्यसेवकांना तीन वर्षांचं शस्त्रक्रियेचं प्रशिक्षण द्यायला सुरुवात केली. हे लोक डॉक्टर नव्हते. पण त्यांनी केलेल्या आणि तज्ज्ञ डॉक्टरांनी केलेल्या सिझेरियनचे निकाल ताडून पाहिले, तर सांगण्यासारखा फरक आढळला नाही. जिल्हा रुग्णालयांतल्या प्रसूतीच्या मोठ्या शस्त्रक्रियांपैकी ९० टक्क्यांहून अधिक हेच लोक करू लागले. सात वर्षांनी पाहिलं तर त्यांच्यापैकी सुमारे ८८ टक्के तिथेच होते. त्याच जिल्ह्यांत नेमलेल्या डॉक्टरांपैकी एकही उरला नव्हता. आपल्याकडे ही पद्धत जशीच्या तशी आणावी असं माझं म्हणणं नाही. तीन वर्षं कोणाच्या तरी हाताखाली काढली की काय साधतं, एवढंच त्यातून घ्यायचं.

आता आपला आकडा. केंद्र सरकारच्या २०२१-२२ च्या ग्रामीण आरोग्य आकडेवारीनुसार देशातल्या ग्रामीण भागातल्या सामुदायिक आरोग्य केंद्रांत जेवढे शल्यचिकित्सक हवेत, त्यांच्या ८३ टक्के कमी आहेत. महाराष्ट्रात याच पातळीवर आपली ग्रामीण रुग्णालयं येतात. दुसरीकडे, सरकारी महाविद्यालयातून एमबीबीएस झालेला विद्यार्थी बॉन्डच्या वर्षात अशाच गावांकडे पाठवला जातो. त्या वर्षात त्याच्या हातात पडदा असतोच, फक्त त्यावर पीजीच्या प्रवेशपरीक्षेचे प्रश्नसंच चालू असतात. त्यात त्याचा दोष काढता येणार नाही, व्यवस्था तेच मागते. पण दूरस्थ शिक्षणाची सगळ्यात जास्त गरज ज्याला आहे असा डॉक्टर हाच आहे. समोर रुग्ण आहे, वरिष्ठ दूर आहे, प्रश्न रोज पडतात. मॉरिस किंग यांनी ज्याच्यासाठी पुस्तक लिहिलं तो वाचक हाच.

म्हणून ग्लोबल सर्जरीची आवड असलेल्या विद्यार्थ्याने ऑनलाइन अभ्यासक्रम निवडताना तीन गोष्टी पाहाव्यात. तिथे आपला प्रश्न विचारता येतो का, आणि आपल्यासारख्याच परिस्थितीत काम केलेला माणूस उत्तर देतो का? शिकलेलं करून पाहायला जवळचं एखादं रुग्णालय आणि एखादा वरिष्ठ सोबत आहे का? आणि त्यातून जे काम उभं राहील त्यावर ते करणाऱ्याचं, वॉर्डातल्या नर्सपासून ग्रामीण रुग्णालयातल्या भूलतज्ज्ञापर्यंत, नाव लागणार आहे का? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं नकारार्थी असतील तर तो अभ्यासक्रम माहिती देईल, शल्यचिकित्सक घडवणार नाही. तिसऱ्याचं उत्तर नकारार्थी असेल तर आपण अजून १७९४ मध्येच आहोत.